वायरलेस कार्ड आणि सकळ लिपी

महाविद्यालयांत दरवर्षी मार्चअखेर एक विधी पार पडतो. डेड स्टॉक रजिस्टर उघडले जाते, समिती खोल्याखोल्यांतून फिरते, मोडक्या खुर्च्या, गंजलेली कपाटे नि बंद पडलेले पंखे मोजले जातात आणि ज्यांचे निर्लेखन करायचे त्यांच्यापुढे शेरा लिहिला जातो. आमच्या मराठी विभागातील, २००६ साली घेतलेल्या लॅपटॉपपुढे यंदा पडलेला शेरा असा होता : ‘वायरलेस चालत नाही. निरुपयोगी.’ यातले पहिले वाक्य त्या दिवशी खरे होते. दुसरे वाक्य पहिल्यातून निघत नाही, एवढेच आम्हांला सांगायचे होते. परंतु समितीवर असलेल्या, आमच्याच विषयाच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आम्हांला थांबवले. ‘मराठीच्या माणसांनी हे ड्रायव्हर-बिव्हर शोधत बसू नये. आपले काम साहित्याचे. यंत्रातले आपल्याला काय कळते?’ असे ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर खेद नव्हता, अभिमान होता.

हा लेख त्या अभिमानाविरुद्ध आहे. सहकाऱ्यांविषयी आमच्या मनात आदर आहे. त्यांच्याकडून आम्ही खूप शिकलो आहोत. पण यंत्राविषयीचे अज्ञान हा वाङ्मयीन सुसंस्कृतपणाचा दाखला आहे, ही जी समजूत आमच्या व्यवसायात मुरली आहे, तिने मराठीचे जेवढे नुकसान केले तेवढे इंग्रजी शाळांनीही केले नसेल. हे विधान टोकाचे वाटेल. त्यासाठी आधी त्या लॅपटॉपमध्ये काय आहे ते सांगितले पाहिजे.

बुलढाणा जिल्ह्याला घाट दुभंगतो. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद. नकाशात जिल्हा एक असला तरी बोली एक नाही. घाटाखालच्या वऱ्हाडीला मलकापूरकडे खानदेशाचा वारा लागतो, घाटावरची बोली सिंदखेडराजाकडे मराठवाड्यात विरघळते. २००६ ते २०१२ या काळात आमच्या एम. ए.च्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावांतून जात्यावरच्या ओव्या, म्हणी, उखाणे आणि शेतीची शब्दसूची गोळा केली. तिफन, वखर, डवरे, रुमणे यांचे भाग, त्या भागांची नावे, एकाच भागाला घाटाच्या दोन्ही अंगांना असलेली वेगवेगळी नावे. ज्या आज्यांनी त्या ओव्या सांगितल्या त्यांतल्या बहुतेक आज नाहीत. ज्या अवजारांची नावे उतरवली त्यांतली निम्मी ट्रॅक्टरने घालवली. वह्या होत्या, पण विभागाची खोली एका पावसाळ्यात गळली नि वह्यांचा लगदा झाला. उरले ते या लॅपटॉपमधले टंकलिखित.

आता कोणीही विचारील, आणि आम्हांला विचारलेही गेले, की पेनड्राइव्हने फायली काढून घ्या की, वायरलेस कार्डाचा एवढा सोस कशाला? फायली निघाल्या. दुसऱ्या संगणकावर उघडल्या तेव्हा ओव्यांच्या जागी रोमन अक्षरे, टिंबे, कंस आणि अधूनमधून युरोपीय भाषांतली चिन्हे दिसली. कारण त्या काळी सारेच ज्या पद्धतीने टंकलेखन करीत त्याच पद्धतीने आम्ही केले होते, म्हणजे एका खासगी फॉन्टमध्ये. तो फॉन्ट ज्या सॉफ्टवेअरबरोबर येतो ते सॉफ्टवेअर यूएसबीला डोंगल लावल्याशिवाय उघडत नाही आणि विंडोज एक्सपीच्या पुढे चालत नाही. म्हणजे मजकूर वाचायचा, पडताळायचा तर याच यंत्रावर. आणि युनिकोडमध्ये नेलेला मजकूर त्या त्या गावच्या, आता नोकऱ्यांसाठी पुणे-संभाजीनगरला गेलेल्या जुन्या विद्यार्थ्यांकडे तपासायला पाठवायचा, त्यांच्या दुरुस्त्या मूळ प्रतीशी ताडून पाहायच्या, तर तेही याच यंत्राशेजारी बसून. यंत्राला दोन यूएसबी खाचा. एक डोंगलने अडवलेली, दुसरी सैल. महाविद्यालयाच्या संगणक कक्षात पेनड्राइव्हला बंदी, कारण पेनड्राइव्हनेच तिथे एकदा व्हायरसची साथ पसरली. आमच्या बाजूच्या इमारतीत केबल आलेलीच नाही. व्हरांड्यात भिंतीवर एक वाय-फाय राउटर टांगलेला आहे, बस्स. कार्यालयातून एक लांब केबल आम्ही दिवसभर ओढून पाहिली. यंत्र ठणठणीत चालले. संध्याकाळी शिपायाने केबल गुंडाळून परत नेली आणि आमच्या ध्यानात आले की या यंत्राचे फक्त कार्ड मुके आहे.

ते मुके का होते, याची हकिकत जरा तपशिलाने सांगतो. कारण ‘जुने झाले’ या दोन शब्दांत आपण जे गुंडाळून ठेवतो ते उलगडल्याशिवाय वाद पुढे जात नाही.

२०१३ साली व्हायरसपायी विंडोज पुन्हा घालावे लागले होते. विंडोजची आणि फॉन्टच्या सॉफ्टवेअरची सीडी होती, कार्डाच्या ड्रायव्हरची नव्हती. तेव्हापासून डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डापुढे पिवळे प्रश्नचिन्ह. ड्रायव्हर म्हणजे काही गूढ वस्तू नव्हे. कार्डाशी कोणत्या क्रमाने, कोणत्या शब्दांत बोलायचे याची ती लहानशी पोथी. ज्या कंपनीने यंत्र विकले तिच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलचे पानच काढून टाकलेले. मग आम्ही अकोल्याच्या दुरुस्तीच्या दुकानातून त्याच मापाचे दुसरे, जुने पण चालू कार्ड आणले, खालचे झाकण उघडून बसवले. यंत्र सुरूच होईना. पडद्यावर इंग्रजीत अशा अर्थाची सूचना आली की अनधिकृत कार्ड बसवले आहे, ते काढा. दुकानदार हसला. त्याला हे ठाऊक होते. अनेक बनावटींच्या लॅपटॉपांत त्या काळी बायॉसमध्येच मान्य कार्डांची यादी कोरलेली असे. यादीबाहेरचे कार्ड विद्युतदृष्ट्या कितीही योग्य असो, यंत्र त्याला दारात उभे करीत नसे. विकत घेतलेल्या घरात कोणती खुर्ची ठेवायची हे घर विकणारा ठरवतो, असा हा प्रकार.

जुने कार्ड परत बसवले. एक्सपीवर ते कसेबसे जागे झाले असते तरी पुढचा पेच होताच. एक्सपीला डब्ल्यूपीए-२ ही सांकेतिक सुरक्षा जन्मतः येत नव्हती. ती वेगळ्या दुरुस्तीने आली आणि २००८च्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये अंगभूत झाली. आमच्या सीडीवर दुसराच पॅक. त्याहीपलीकडे, एक्सपीवरचा इंटरनेट एक्स्प्लोरर आजच्या संकेतस्थळांना लागणारी टीएलएस १.२ ही बोली बोलत नाही, म्हणून राउटरपर्यंत पोचूनही दार उघडले नसते. आणि ८ एप्रिल २०१४ला मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधारच काढून घेतल्यामुळे ते जाळ्यावर सोडणे हा शहाणपणा नव्हे, हे आम्हीही मान्य करतो. म्हणून आम्ही एक्सपी तसेच ठेवले, डोंगल आणि फॉन्टसाठी, जाळ्यापासून दूर. आणि डिस्कच्या दुसऱ्या भागावर लिनक्सची डेबियन १२ ही २०२३ची आवृत्ती घातली. बत्तीस बिटी यंत्रांवर ती बसते. (२०२५ साली आलेल्या तेराव्या आवृत्तीत अशा यंत्रांसाठी इन्स्टॉलरच नाही. तेव्हा ज्यांच्याकडे असे यंत्र आहे त्यांनी फार काळ विचार करू नये.) या आवृत्तीच्या सीडीतच कार्डांची फर्मवेअरे ठेवलेली असतात. कार्ड ओळखले गेले. नाव दिसले. तरीही जोडणी होईना.

दोन दिवस आम्ही आज्ञा टंकित होतो. यंत्र सांगत होते की रेडिओ ‘हार्ड ब्लॉक्ड’ आहे. आम्ही दोघांनी त्याचे नाना अर्थ लावले. अर्थ लावणे हाच तर आमचा धंदा. तिसऱ्या दिवशी एम. ए. भाग एकची एक विद्यार्थिनी उपस्थितीचा कागद घेऊन आली, यंत्राच्या पुढच्या कडेकडे पाहून म्हणाली, ‘मॅडम, हे बटन तं बंद हाये,’ आणि नखाने एक सरकती कळ उजवीकडे ढकलली. निळा दिवा लागला. शेवटी राउटरची पाळी आली. तो नव्या वेगवान यंत्रांपुरताच लावून ठेवलेला होता, २००३च्या ‘८०२.११ जी’ या मानकाचे कार्ड त्याला ऐकूच येत नव्हते. संगणक कक्षाच्या तंत्रज्ञाला चहा पाजून ते एक सेटिंग बदलून घेतले. जोडणी झाली. तरी पाने उघडताना प्रमाणपत्रे चुकीची असल्याचा इशारा येत राहिला, कारण यंत्रातला बटण-सेल संपलेला होता आणि यंत्राच्या लेखी ते साल दोन हजार पाच होते. बाजारपेठेतल्या घड्याळाच्या दुकानातून सेल आणला.

आता हिशेब करा. या साऱ्या हकिकतीत झिजलेली, खरोखर जुनी झालेली वस्तू एकच निघाली : तो बटण-सेल. बाकी अडथळे झिजेचे नव्हते. कोणी तरी एक पान काढून टाकले होते, कोणी यादी कोरली होती, कोणी आधार थांबवला होता, कोणी सेटिंग केले होते आणि आम्ही एक कळ पाहिली नव्हती. ‘जुने’ हे विशेषण आपण यंत्राला लावतो तेव्हा पुष्कळदा दुसऱ्या कोणाच्या तरी निर्णयाचे ओझे यंत्राच्या पाठीवर टाकतो. साहित्याच्या अभ्यासकाला तरी विशेषणाच्या अशा गैरवापराचा संशय यायला हवा होता.

हे निर्णय मोडून काढण्याचाही एक इतिहास आहे, आणि तो आमच्या विषयाच्या इतिहासाशी विलक्षण मिळताजुळता आहे. ब्रॉडकॉम ही वायरलेस चिपा बनवणारी मोठी कंपनी. त्या चिपांशी बोलायचे कसे याचे तपशील तिने दीर्घकाळ लिनक्सवाल्यांना दिले नाहीत. पहिला उपाय निघाला तो एनडिसरॅपरचा, म्हणजे विंडोजचाच ड्रायव्हर दुभाष्यासारखा मध्ये बसवायचा. दुसरा उपाय अधिक धीराचा होता. काही मंडळींनी कंपनीचा बंद ड्रायव्हर काय करतो याचे बारकाईने निरीक्षण करून चिपेच्या भाषेचे वर्णन लिहून काढले. आणि दुसऱ्या मंडळींनी केवळ ते वर्णन वाचून नवा ड्रायव्हर लिहिला. २००६ साली तो लिनक्सच्या गाभ्यात गेला, २००८मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली. तरीही फर्मवेअर वाटण्याची परवानगी नसल्याने प्रत्येकाला ते विंडोजच्या ड्रायव्हरमधून कापून काढावे लागे. २०१० साली कंपनीने आपण होऊन नव्या चिपांचा खुला ड्रायव्हर दिला.

मूळ प्रत हाती नसताना, तिच्या खुणांवरून, तुलनेने, धीराने तिचे स्वरूप निश्चित करणे याला आमच्या विषयात पाठचिकित्सा म्हणतात. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हापासून मराठीत ती परंपरा आहे. आणि वऱ्हाडच्या माणसाला तर आणखी जवळचे उदाहरण आहे.

महानुभावांनी चौदाव्या शतकात आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत नेले. सकळ लिपी, सुंदरी लिपी ही त्यांतली परिचित नावे. सकळ लिपीत भाषा मराठीच. पण एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा चिन्ह. किल्ली पंथाच्या आत. परिणाम असा झाला की मराठीतले आद्य गद्य शतकानुशतके मराठी वाचकाच्या दृष्टिआड राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांसारख्या संशोधकांनी ती लिपी उकलली आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्याने लिहावा लागला. या अभ्यासात ज्यांनी आयुष्य घातले ते वि. भि. कोलते आमच्याच जिल्ह्यातले, मलकापूर भागातल्या नरवेलचे. त्यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. लिप्या, शाई, लेखनिकांच्या सवयी, पानांची उलटापालट, यांत कोलते जन्मभर बुडालेले होते. ‘मराठीच्या माणसाने लिपीच्या किल्ल्या शोधत बसू नये’ असे त्यांना कोणी म्हणाले असते तर आज आमचा अभ्यासक्रम कुठून सुरू झाला असता?

आमच्या ओव्या ज्या फॉन्टमध्ये अडकल्या तो सकळ लिपीचाच आधुनिक अवतार आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी मोठे काम केले. इस्की हे अक्षरसंकेतांचे राष्ट्रीय मानक १९९१ साली आले. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. पण छपाईच्या धंद्यात जे चालले ते वेगळेच. आयएसएम, श्री-लिपी, आकृती, प्रत्येकाची आपापली फॉन्टमाळ; रोमन अक्षराच्या खणात देवनागरीचा तुकडा बसवायचा, एकाच्या खणात काना तर दुसऱ्याच्या त्याच खणात अर्धा ‘श’. फॉन्ट आहे तोवर ती मराठी, फॉन्ट नसेल तर कचरा. धंद्याचीही अडचण होती, ती आम्ही नाकारत नाही. २००१च्या ज्या पेजमेकर ७ वर मराठी प्रकाशनाचा गाडा वर्षानुवर्षे चालला त्याला युनिकोड कळतच नव्हते. परंतु फरक लक्षात घ्या. महानुभावांनी आपली लिपी स्वतः ठरवली, श्रद्धेपोटी ठरवली, आणि किल्ली स्वतःच्या घरात ठेवली. आम्ही मात्र आमच्या आज्यांच्या ओव्या दुसऱ्याच्या लिपीत लिहिल्या आणि किल्ली डोंगल म्हणून विकत घेतली. विंडोज एक्सपीमध्ये युनिकोड देवनागरी होती. रीजनल सेटिंगमध्ये एक चौकट टिचकवून ती चालू करावी लागे. २००६ साली आम्ही ती टिचकवली नाही, कारण यंत्रातले आम्हांला काय कळते, हेच आम्हीही अभिमानाने म्हणत होतो.

या अज्ञानाची किंमत आता रोज मोजतो आहोत. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाते, युनिकोडमध्ये नंतर. रफार तिकडे अक्षरानंतर येतो, इकडे आधी. म्हणजे रूपांतर हे नुसते खणाला खण लावणे नव्हे, क्रम फिरवावा लागतो. जाळ्यावर तयार रूपांतरक आहेत, आम्ही त्यांचे आभारी आहोत. पण आम्ही वापरून पाहिलेल्यांपैकी काही हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले निघाले, आणि हिंदीला आपला अर्धचंद्री ‘ऱ’ माहीत नाही. पहिल्याच रूपांतरात आमच्या घाटातल्या दऱ्यांचा दर्या झाला. वाऱ्याची तऱ्हा, म्हातारीचे उसासे टाकणे, बैलाच्या शिंगांचे वर्णन, जिथे जिथे हा ‘ऱ’ होता तिथे तिथे अर्थ बदलला किंवा शब्दच मेला. कोणते रूप खरे हे ठरवायला यंत्र पुरत नाही, बोली येणारा माणूस लागतो. सहकाऱ्यांना ज्यात साहित्याचे काम दिसत नाही ते हे काम. ते एम. ए. मराठी झालेल्याने करायचे नाही तर कोणी करायचे? संगणकशास्त्र विभागाला दऱ्या आणि दर्या यांतला भेद सांगायला तरी आपल्यालाच जावे लागणार.

आमच्यावर दुसरा आक्षेप स्मरणरंजनाचा आहे. जुन्या यंत्रावर आमचे प्रेम नाही. ते गरम होते, त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजतो, बॅटरी कधीच मेली आहे आणि दुपारी वीज गेली की ते जाते. ओव्या पूर्ण बाहेर निघाल्या, पडताळून झाल्या, चार ठिकाणी त्यांच्या प्रती ठेवल्या की त्याचे निर्लेखन करायला आमचीच पहिली सही असेल. पण तोवर नाही. आणि ‘नवे घ्या’ म्हणणाऱ्यांनी हेही सांगावे की नवे घेताना त्यांनी काय तपासले. कार्डाचा ड्रायव्हर खुला आहे का? मजकूर युनिकोडमध्येच ठेवला जाईल का? खरेदीच्या तुलनात्मक तक्त्यात हे रकाने आम्ही आजवर पाहिलेले नाहीत. त्यात रॅम असते, हार्ड डिस्क असते, हमीची वर्षे असतात.

समितीला आम्ही लेखी कळवले आहे की संगणकाच्या निर्लेखनाआधी त्यात काय आहे, कोणत्या फॉन्टमध्ये आहे आणि ते बाहेर काढून वाचता येते का, याची नोंद त्या त्या विभागाने सहीनिशी द्यावी. त्यावर उत्तर आलेले नाही. दरम्यान यादीत आणखी तीन लॅपटॉप चढले आहेत, इतिहास आणि अर्थशास्त्र विभागांचे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्यांच्यावर विंडोज ११ बसत नाही. तिन्ही चालू आहेत, तिघांचे वाय-फाय उत्तम चालते. त्यांच्यापुढचा शेरा आम्ही वाचला : ‘कालबाह्य. निरुपयोगी.’ इतिहासाच्या प्राध्यापकांना आम्ही भेटलो. त्यांच्या यंत्रात जिल्ह्यातल्या शिलालेखांचे ठसे नि त्यांची वाचने आहेत. वाचने कोणत्या फॉन्टमध्ये टंकली आहेत, असे विचारले. म्हणाले, पाहावे लागेल.